रेस्टिट्यूशन: परत म्हणजे नेमकं कुठे परत?

कोर्टकचेरीतल्या इंग्रजी कागदांचं मराठी करून देणं हे माझं रोजचं काम. दोनेक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातले एक काका अपिलाच्या निकालाची प्रत घेऊन आले. बाजारपेठेतला त्यांचा गाळा खालच्या कोर्टाच्या हुकमानं हातचा गेला होता. समोरच्यानं बेलिफ आणून ताबा घेतला आणि पाच वर्षांनी अपिलात तो हुकूमच रद्द झाला. निकालाच्या शेवटच्या पानावर एका शब्दाखाली काकांनी निळ्या पेनानं दोनदा रेघ ओढली होती: रेस्टिट्यूशन. एका मित्रानं शब्दकोश बघून त्यांना सांगितलं होतं की याचा अर्थ नुकसानभरपाई.

"ताई, भरपाई काय करायचीय मला? माझा गाळा पाहिजे मला," ते म्हणाले.

"काका, या शब्दात तुमचा गाळाच आहे. पैशाचं जे काही असेल ते त्याच्या मागून येतं," मी म्हणाले. त्यांना ते पटायला वेळ लागला, कारण खिशातल्या शब्दकोशात खरोखरच 'भरपाई' असंच छापलेलं होतं.

हा शब्द आता फक्त वकिलांचा राहिलेला नाही. ईडीच्या पत्रकात तो असतो, परदेशातल्या संग्रहालयांच्या बातम्यांत असतो, अकरावीच्या भौतिकशास्त्रात आणि नर्सिंगच्या पुस्तकातही असतो. प्रत्येक ठिकाणी तो वेगळा वाटतो, पण आतला सांगाडा एकच आहे. तो सांगाडा कसा ओळखायचा आणि मराठीत काय लिहायचं, हे मी जसं करते तसं इथे मांडते.

आधी शब्द उघडून बघा

मूळ लॅटिन क्रियापद 'रेस्टिट्युएरे'. त्यातला 'रे' म्हणजे पुन्हा, मागे. 'स्टॅट्युएरे' म्हणजे उभं करणं, बसवणं. हा धातू आपल्या 'स्था'चा सख्खा नातलग आहे. स्थान, स्थिती, स्थापना, गणपतीची प्रतिष्ठापना हे सगळं त्याच कुळातलं. इंग्रजीतले इन्स्टिट्यूशन, कॉन्स्टिट्यूशन, सब्स्टिट्यूट, डेस्टिट्यूट हेही त्याच घरचे. म्हणजे रेस्टिट्यूशन याचा शब्दशः अर्थ होतो: जे आपल्या जागेवरून हललं, ते पुन्हा त्याच जागी बसवणं.

रोमन कायद्यात 'रेस्टिट्यूशिओ इन इंटिग्रम' नावाचा उपाय होता. पंचवीस वर्षांखालच्या तरुणाला व्यवहारात गंडवलं गेलं असेल तर न्यायाधिकारी तो व्यवहार उलटवून त्याला पहिल्या स्थितीत नेऊन ठेवायचा. आजच्या कायद्यातला अर्थ तिथूनच चालत आलाय.

उच्चार करताना जोर तिसऱ्या अक्षरावर, 'ट्यू'वर द्यायचा. 'रेस्टि-ट्यू-शन'. पहिल्यावर जोर दिला की ऐकणाऱ्याला 'रेस्ट'चं काहीतरी वाटतं.

पहिला प्रश्न: आधी काय होतं?

शब्द समोर आला की मी कागदाच्या समासात चार प्रश्न लिहिते. आधी काय होतं? ते का हललं? परत काय करायचंय? कुणाला? यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण 'रे' या एका अक्षराला आधीची स्थिती लागते. ती नसेल तर शब्दच लागू होत नाही.

हे मी व्याकरणाच्या हौसेनं सांगत नाही. मुंबईच्या हायकोर्टात एका बाईचं आयुष्य याच अक्षरावर तोललं गेलं होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं. त्या नवऱ्याच्या घरी कधी नांदायला गेल्याच नाहीत, आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या, शिकल्या. 1884 मध्ये दादाजींनी दावा लावला. दाव्याचं नाव 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्जुगल राइट्स', म्हणजे बायकोला नांदायला पाठवा.

21 सप्टेंबर 1885 ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला, आणि त्यांच्या कारणांतलं एक कारण थेट शब्दावरचं होतं. नवरा-बायको एकत्र राहिले, मग वेगळे झाले, तर एकाला दुसऱ्याविरुद्ध रेस्टिट्यूशन मागता येईल. इथे तर दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत. मग परत काय बसवायचं? या दाव्याला हे नाव देणंच चूक आहे, असं त्यांनी निकालपत्रात नोंदवलं. अनिच्छेनं एका तरुण स्त्रीला अशा पुरुषाच्या हवाली करणं क्रूरपणाचं आहे, हेही त्यांनी स्पष्ट म्हटलं.

पुढे अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांना हा भेद मान्य झाला नाही. दावा फेरसुनावणीसाठी पुन्हा खाली पाठवला गेला आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. गावोगाव, वर्तमानपत्रांतून वाद पेटला, 'केसरी'नं त्यांच्या विरुद्ध बाजू घेतली. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. 1889 मध्ये त्या लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या आणि परतल्यावर सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली.

पिन्हींचा निकाल टिकला नाही, पण शब्द वाचण्याची त्यांची रीत मला आजही पक्की वाटते. कुठलाही कागद हातात आला की मी आधी तेच विचारते: हे पूर्वी खरोखर होतं का?

हीच तरतूद आज हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 मध्ये आहे. आता हुकूम मोडला म्हणून तुरुंग नाही, फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. हुकमानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर कुणालाही घटस्फोट मागता येतो. 1983 मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. इंग्लंडनं स्वतःकडचा हा उपाय 1970 मध्येच बंद केला. भाषांतर करताना मी 'वैवाहिक हक्कांचं प्रत्यास्थापन' असं लिहिते, आणि पक्षकार समोर असेल तर तोंडी 'नांदायला येण्याचा दावा' म्हणते. तेवढ्यानं त्यांना सगळं कळतं.

दुसरा प्रश्न: ते का हललं?

काकांच्या कागदाकडे परत येते. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चं कलम 144 याच शब्दावर उभं आहे. एखाद्या हुकूमनाम्यामुळे कुणाचं काही गेलं आणि नंतर तो हुकूमनामा अपिलात बदलला किंवा रद्द झाला, तर अर्ज केल्यावर कोर्टानं दोन्ही पक्षांना शक्य तितकं अशा जागी नेऊन ठेवायचं, जिथे ते हुकूमनामा झालाच नसता तर असते. त्यासाठी कोर्ट ताबा परत द्यायला सांगू शकतं, खर्च परत करायला सांगू शकतं, व्याज, नुकसानभरपाई आणि मधल्या काळातलं उत्पन्नही देववू शकतं. यासाठी नवा दावा लावायचा नाही, त्याच कोर्टात अर्ज करायचा. कोर्टाच्या हातून कुणाचं नुकसान होऊन राहू नये, हे त्यामागचं तत्त्व.

इथे बघा, भरपाई हा रेस्टिट्यूशनच्या पोटातला एक भाग आहे. काकांच्या बाबतीत आधी गाळ्याचा ताबा, मग पाच वर्षं समोरच्यानं उपभोगलेल्या जागेचं भाडं, असा क्रम होता. शब्दकोशवाल्या मित्रानं शेपूट पकडलं होतं आणि त्यालाच हत्ती म्हटलं होतं.

कारण वेगळं असलं की कलम वेगळं, शब्दाचं काम तेच. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 65 म्हणतं की करार निरर्थक निघाला तर त्यातून ज्याला फायदा मिळाला त्यानं तो परत करावा. कायद्यातलं उदाहरण काळजाला लागणारं आहे. एक माणूस आपल्या मुलीशी लग्न करण्याचं वचन घेऊन दुसऱ्याला हजार रुपये देतो, आणि वचन दिलं त्या क्षणी मुलगी हयातच नसते. करार निरर्थक, हजार रुपये परत. कलम 72 चं उदाहरण साधं आहे: दोघांनी मिळून एकाला शंभर रुपये द्यायचे होते, एकानं ते देऊन टाकले, दुसऱ्याला पत्ता नाही म्हणून त्यानंही दिले. घेणाऱ्यानं दुसरे शंभर परत करायचे. चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेल्या यूपीआयच्या पैशांनाही हेच लागू पडतं.

म्हणजे कारणं अशी असतात: हुकूम उलटला, करार पडला, चूक झाली, चोरी किंवा लूट झाली. यातलं एकही सापडत नसेल आणि नुसतंच कुणी काही परत देत असेल, तर इंग्रजीत 'रिटर्न' म्हणावं. शेजाऱ्यानं शिडी परत आणून दिली, याला रेस्टिट्यूशन म्हणत नाहीत.

तिसरा आणि चौथा: काय, आणि कुणाला?

संग्रहालयांच्या बातम्या वाचताना हे दोन प्रश्न कामाला येतात, कारण तिथे सगळ्याच गोष्टींना 'घरवापसी' म्हणायची सवय लागलीय.

तंजावर जिल्ह्यातल्या पत्तूर गावात 1976 मध्ये जमिनीत पुरलेला नटराज सापडला. तो लपवून लंडनला गेला आणि तिथे कॅनडातल्या एका कंपनीनं विकत घेतला. लंडनच्या पोलिसांनी तो ताब्यात घेतल्यावर इंग्लंडच्या कोर्टात खटला चालला, आणि मालकी मंदिराची ठरून 1991 मध्ये नटराज भारतात आला. आधी मंदिराचा, चोरीनं गेला, मूर्तीच परत आली, मंदिराच्या हक्कानं परत आली. चारही प्रश्नांना उत्तर मिळतं. हे रेस्टिट्यूशन.

आता साताऱ्याची वाघनखं. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती आली, छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, बघायला रांगा लागल्या. मीही गेले होते, काचेपाशी उभी राहिले तेव्हा गळा दाटून आला. पण कराराचा शब्द 'लोन' आहे, मुदत तीन वर्षांची. मालकी लंडनकडेच. म्हणून मराठीत 'परत मिळाली' असं लिहू नये, 'तीन वर्षांसाठी प्रदर्शनाला आली' असं लिहावं. आपल्या भावना खऱ्या आहेत म्हणून शब्द चुकीचा वापरला तर उद्या खरोखर मागणी करायची वेळ आली तेव्हा आपल्याकडे शब्दच उरत नाही.

रघुजीराजे भोसल्यांची तलवार 2025 मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात बोली लावून आणली, सुमारे 47 लाख रुपये मोजून. ती आपल्याकडे कायमची आली, पण दाम देऊन. तीही रेस्टिट्यूशन नव्हे, खरेदी आहे.

याच्या शेजारी 'रिपॅट्रिएशन' हा शब्द भेटतो. त्यात वस्तू देशात येण्यावर भर असतो, रेस्टिट्यूशनमध्ये हक्कदाराला मिळण्यावर. 1897 मध्ये ब्रिटिशांनी आजच्या नायजेरियातल्या बेनिन या जुन्या राज्यातून लुटलेल्या कांस्यशिल्पांपैकी काही जर्मनीनं 2022 मध्ये नायजेरियाच्या हवाली केली, तेव्हा दोन्ही शब्द छापून आले आणि दोन्ही बरोबर होते. 'अडेल ब्लॉख-बाउअर' हे ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचं चित्र नाझींनी ज्या कुटुंबाकडून बळकावलं, त्याच कुटुंबाच्या वारस मारिया आल्टमन यांना 2006 मध्ये ऑस्ट्रियाकडून मिळालं. त्या अमेरिकेत राहत होत्या, चित्र 'मायदेशी' आलंच नाही, उलट मायदेश सोडून गेलं. हे शुद्ध रेस्टिट्यूशन.

सारखे दिसणारे शब्द

'रेस्टोरेशन' सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. पडलेल्या देवळाचं, जुन्या चित्राचं रेस्टोरेशन म्हणजे जीर्णोद्धार किंवा जतन, तिथे मालक बदलत नाही. कोर्टात हजर न राहिल्यामुळे काढून टाकलेला दावा पुन्हा बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घेणं हेही रेस्टोरेशन. वकील सरळ 'दावा रिस्टोर करून घ्या' म्हणतात. आणि कधी कधी कायदाच रेस्टिट्यूशनच्या जागी रेस्टोरेशन म्हणतो. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी आपल्या राज्यानं 1974 चा कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावात रेस्टोरेशन आहे. चार प्रश्न लावून बघितलं तर आतलं काम रेस्टिट्यूशनचंच आहे. अशा वेळी नाव कायद्यातलं ठेवायचं आणि मराठीत 'जमिनी परत करणे' इतकं स्वच्छ लिहायचं.

मनी लाँडरिंगविरोधी कायद्यातही तसंच. मल्ल्या प्रकरणातली 14 हजार 131 कोटींची मालमत्ता बँकांना परत मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं. ईडीच्या पत्रकांत अशा परतफेडीला रेस्टिट्यूशन म्हणतात. मराठी बातमीत मात्र 'भरपाई' लिहू नका, 'जप्त मालमत्ता बँकांच्या हवाली' लिहा.

'रीइन्स्टेटमेंट' म्हणजे माणसाला त्याच्या पदावर परत घेणं. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये शब्दकोश उघडून या शब्दाचा अर्थ तपासला, आणि तिला बुडालेला पूर्ण पगार देववला. 'रिहॅबिलिटेशन' म्हणजे पुनर्वसन. कोयनेच्या धरणग्रस्तांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पुनर्वसनात दुसरीकडे जमीन मिळते, पाण्याखाली गेलेलं गाव मिळत नाही. 'रिफंड' फक्त पैशाचा. 'रेपरेशन' ही मोठी छत्री आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये पीडितांच्या हक्कांबाबत जी तत्त्वं स्वीकारली, त्यात रेपरेशनखाली रेस्टिट्यूशन, भरपाई, पुनर्वसन, समाधान आणि पुन्हा असं न होण्याची हमी अशा पाच गोष्टी आहेत.

अमेरिकेच्या बातम्यांत एक सांभाळा. तिथे गुन्हेगारानं पीडिताला कोर्टाच्या हुकमावरून पैसे देणं याला सर्रास रेस्टिट्यूशन म्हणतात. भारतात त्या कामाला कायद्याचा शब्द 'कॉम्पेन्सेशन' आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 395. म्हणून अमेरिकी बातमीत 'भरपाई' चालून जातं, आपल्या दिवाणी निकालात चालत नाही.

वाक्यात कसा बसवायचा

इंग्रजी लिहिताना त्याला 'अ' लावू नका आणि अनेकवचन करू नका. सोबतचं क्रियापद बहुतेक वेळा 'मेक', 'ऑर्डर', 'सीक' किंवा 'ग्रांट' असतं. वस्तूपुढे 'ऑफ', माणसापुढे 'टू', नुकसानापुढे 'फॉर'. 'रेस्टिट्यूशन ऑफ द लँड टू इट्स ओनर्स' किंवा 'टू मेक रेस्टिट्यूशन टू द व्हिक्टिम्स फॉर देअर लॉसेस'. 'रेस्टिट्यूट' हे क्रियापद आहे, पण कानाला खडबडीत लागतं, त्याऐवजी 'रिस्टोर' वापरा. आणि दुकानदाराला बिघडलेल्या मिक्सरबद्दल ईमेल करताना हा शब्द काढूच नका, तिथे 'रिफंड' किंवा 'रिप्लेसमेंट' पुरे.

मराठी करताना 'प्रत्यार्पण' हा शब्द मोहात पाडतो, तो टाळा. वाचकाला त्यातून परदेशात पळालेल्या आरोपीला आणणंच आठवतं. 'प्रत्यास्थापन' हा नेमका आहे, त्यात 'स्था' पण आहे, आणि कायद्याच्या मजकुरात मी तोच ठेवते. पण पहिल्यांदा आल्यावर लगेच पुढच्या वाक्यात उलगडून सांगते: म्हणजे पूर्वीच्या स्थितीत आणून ठेवणं. बाकी सगळीकडे काय परत जातंय त्यावरून लिहा. ताबा असेल तर 'ताबा परत देणे', पैसे असतील तर 'रक्कम परत करणे', चोरीचे दागिने असतील तर पोलिसांचाच शब्द घ्या, 'मुद्देमाल फिर्यादीच्या हवाली'. काकांच्या अर्जात मी लिहिलं होतं: "रद्द झालेल्या हुकूमनाम्यान्वये घेतलेला गाळ्याचा ताबा अर्जदारास परत देववावा, व ताबा घेतल्यापासून तो परत मिळेपर्यंतचे भाड्याचे उत्पन्नही देववावे." वकिलांनी त्यात एक स्वल्पविराम तेवढा हलवला.

चेंडू आणि बाळ

कायद्याबाहेर हा शब्द दोन ठिकाणी फार सुंदर वापरला जातो. भौतिकशास्त्रात 'कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन' म्हणजे दोन वस्तू आदळल्यावर त्या ज्या वेगानं दूर जातात, त्याला जवळ येण्याच्या वेगानं भागून येणारी संख्या. चेंडू जमिनीवर सोडला तर हे घरीही मोजता येतं: उसळीची उंची भागिले सोडल्याची उंची, आणि त्याचं वर्गमूळ. टेनिसच्या साध्या चेंडूचा नियम आहे की 254 सेंटिमीटरवरून सोडल्यावर तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. गणित केलं तर संख्या 0.73 ते 0.76 येते. पूर्ण 1 आली असती तर चेंडू होता त्या उंचीवर परत गेला असता. तिथेही प्रश्न तोच, आधीच्या जागी किती परत.

दुसरी जागा प्रसूतीची. बाळाचं डोकं बाहेर येताना आईच्या कटीच्या आकाराप्रमाणे वळतं, खांदे मात्र तसे वळलेले नसतात, त्यामुळे मानेला पीळ पडतो. डोकं बाहेर पडताच ते आपोआप साधारण 45 अंश फिरतं आणि खांद्यांशी पुन्हा सरळ रेषेत येतं. या फिरण्याला प्रसूतिशास्त्रात रेस्टिट्यूशन म्हणतात. परिचारिकांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करताना हा शब्द आला तेव्हा मी 'प्रत्यास्थापन' लिहून खोडलं, आणि लिहिलं: "मानेचा पीळ सुटून डोके खांद्यांच्या रेषेत परत येते. या वेळी डोक्याला हात लावून फिरवू नये, ते स्वतःच फिरू द्यावे."